दर सातवं नाव

"हा फुगा म्हणजे ब्रँड. खाली पडला की मेला," असं म्हणून टिपणीस सरांनी लाल फुगा वर्गात भिरकावला.

आम्ही बी.बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची बेचाळीस मुलं, वीस वर्षांची घोडी सगळी, बाकांवर चढून त्या फुग्याला टिचक्या मारत होतो. मागच्या बाकावरून कुणीतरी जरा जोरात मारला, फुगा पंख्याच्या पात्यात गेला आणि फुटला. सरांनी त्यातूनही धडा काढला. स्पर्धा कुठून येईल ते सांगता येत नाही, असं ते म्हणाले आणि आम्ही ते वहीत लिहून घेतलं.

ही २००४ सालची गोष्ट. कवठेसांगव्यासारख्या तालुक्याच्या गावात तेव्हा बी.बी.ए. नवंच निघालं होतं आणि ते काय असतं हे शिकणाऱ्यांना माहीत नव्हतं, शिकवणाऱ्यांनाही फारसं नव्हतं. टिपणीस सर पुण्याला दोन दिवसांचं शिबिर करून आले आणि तेव्हापासून त्यांना पुस्तक उघडलेलं खपेना. मार्केटिंग हातांनी शिकायचं, असं त्यांचं म्हणणं. एकदा त्यांनी लोकरीचा गुंडा आणून आम्हाला गोल उभं केलं. कुणी कारखाना, कुणी घाऊक व्यापारी, कुणी किरकोळ, मी ग्राहक. गुंडा एकमेकांकडे फेकून वितरणाची साखळी तयार करायची होती. ती इतकी छान तयार झाली की शेवटी शिपायानं कात्री आणून आम्हाला सोडवलं. दुसऱ्या एका तासाला त्यांनी ग्रंथपालांना वर्गात बसवलं आणि आम्हाला त्यांना कंगवे विकायला लावले, कारण कॉलेजात पूर्ण टक्कल असलेले तेवढे एकच गृहस्थ होते. बिचाऱ्यांनी चार कंगवे घेतले आणि पुन्हा कधी आमच्या वर्गाकडे फिरकले नाहीत.

मला हे सगळं फार आवडायचं, हे आधीच कबूल करते. आज हसू येतं, पण तेव्हा मी पहिल्या बाकावर बसून सगळ्यात आधी हात वर करणारी मुलगी होते.

मार्च उजाडला तसं सरांनी शेवटचं आणि मोठं काम काढलं. तिघातिघांचा गट करायचा, गावातला एक दुकानदार धरायचा आणि त्याचा एक प्रश्न सोडवून द्यायचा. "खरा दुकानदार, खरा प्रश्न, खरं उत्तर," असं सर म्हणाले. सगळ्यात चांगल्या गटाला पंचवीसपैकी पंचवीस आणि प्राचार्यांच्या हस्ते ढाल मिळणार होती.

आमच्या गटात मी, विश्वजित आणि कल्याणी. विश्वजितचे वडील कारखान्यावर मोठ्या हुद्द्यावर होते, त्यामुळे तो आमचा आपोआप पुढारी झाला. कल्याणीचं अक्षर चांगलं होतं, म्हणून ती लागायची. मला बोलता यायचं. आम्ही पापाभाईंची बेकरी धरली, कारण ती स्टँडच्या मागेच होती आणि तिथं बसायला बाकडं होतं.

पापाभाई पंचावन्नच्या पुढचे असतील. हडकुळे, पांढरी दाढी, कोपरापर्यंत पिठानं माखलेले हात. त्यांचा वेलदोडा घातलेला टोस्ट गावातल्या बहुतेक घरांत जायचा. माझी आई दोन टोस्ट चहात बुडवल्याशिवाय दुसऱ्या कामाला हात लावत नसे. आम्ही गेलो तेव्हा ते लांब दांड्याच्या फावड्यानं भट्टीतून पत्रे बाहेर ओढत होते.

"बसा की बाळांनो. काय इचारायचं ते इचारा."

मी प्रश्नावली काढून वाचलं, "आपल्या व्यवसायातील प्रमुख समस्या कोणती?"

"समस्या न्हाई काय. येक प्रश्न हाय." त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं. "स्टँडसमोर त्ये सांगलीवाल्याचं केकचं दुकान आलंय. माजा भाचा म्हणतो, मामू, कायबी खरं न्हाई टोस्टचं, इजंवरची भट्टी घ्या आन केक करा. पर जागा ही येवढीच. ती आणायची तर ही पाडाया लागती."

"मग पाडा की," विश्वजित म्हणाला.

"माज्या बापानं बांधून घेतलीया. आसली बांधणारा मिस्त्री गेला, त्याच्यामागं कुणाला येत न्हाई. येकदा पाडली की गेली." ते आमच्यासमोर बसले. "म्हणून तुमास्नी सांगतो. तुमी शिकलेली पोरं. लोकास्नी माजा टोस्ट पायजेल का न्हाई, येवढं मला इचारून सांगा. पायजेल म्हणाले तर मरंस्तवर पेटती ठेवतो. नको म्हणाले तर पाडतो, आपली काय तक्रार न्हाई."

एवढा स्वच्छ प्रश्न मला पुढच्या वीस वर्षांच्या नोकरीत एकाही गिऱ्हाइकानं विचारला नाही. कल्याणीनं सुवाच्य अक्षरात 'उत्पादनाविषयी ग्राहकांची मनोभूमिका' असं लिहिलं आणि आम्ही प्रत्येकी तीन टोस्ट खाऊन निघालो.

नमुना कसा निवडायचा ते सरांनी हरभऱ्याचे दाणे मोजायला लावून शिकवलं होतं. ओळखीचे लोक घ्यायचे नाहीत, वाटेत भेटेल त्याला धरायचं नाही, यादी घ्यायची आणि ठरावीक अंतरानं नावं उचलायची. आम्ही ते अगदी काटेकोर पाळलं. तहसील कचेरीजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून गावाची मतदार यादी मिळवली आणि दर सातवं नाव काढलं. मधेच एक नाव आवडलं म्हणून घेतलं किंवा अवघड वाटलं म्हणून सोडलं, असं एकदाही केलं नाही. दीडशे नावं झाली तेव्हा थांबलो. कल्याणीनं दीडशे फॉर्मवर ती लिहिली आणि आम्ही टोप्या घालून उन्हात बाहेर पडलो.

पहिल्या घरातल्या बाईंनी दार अर्धंच उघडलं. "नाव कशाला पायजे माजं? रेशनकार्डाचं हाय का काय?" आम्ही टोस्टचं आहे म्हटल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. दुसऱ्या घराला कुलूप होतं. तिसऱ्या घरी एक निवृत्त तलाठी भेटले. त्यांनी टोस्टविषयी एक शब्द न बोलता आम्हाला त्यांच्या जमिनीच्या दाव्याची पूर्ण हकीकत ऐकवली. बाहेर आलो तेव्हा बारा वाजले होते आणि एकही फॉर्म भरलेला नव्हता.

"हे असं केलं तर परीक्षा संपेल आपली," विश्वजित म्हणाला. "चला कँटीनला."

कँटीनमध्ये पंख्याखालचं टेबल धरून आम्ही फॉर्मचे तीन गठ्ठे केले. मी एकदा विचारलं, "खरंच आपणच भरायचे?" ते फक्त विचारल्याची नोंद राहावी म्हणून. पेन माझ्या हातात आधीच होतं.

"नावं खरी आहेत ना? वयं खरी आहेत ना? मग?" विश्वजित म्हणाला. "आणि लोक काय सांगणार ते आपल्याला माहीतच आहे."

"माझ्या आईला तर टोस्ट लागतोच रोज," मी म्हटलं.

"तुझी आई यादीत सातवी आली का? नाही ना? मग राहू दे." मग तो पुढे वाकून समजावायला लागला. "हे बघ मृदुला, लोकांना टोस्ट हवाय असं आलं, तर प्रेझेंटेशनमध्ये सांगणार काय? जसं चाललंय तसं चालू द्या? याला कोण पंचवीस मार्क देतं? काहीतरी बदला, असं आलं पाहिजे. सरांना बदल लागतो."

हे त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. सरांना बदल लागायचा.

आम्ही दोन दुपारी बसून दीडशे माणसं बोलती केली. आणि मी त्यात रंगले, हेही सांगून टाकते. वेगवेगळ्या रंगांची पेनं वापरली, काही फॉर्म डाव्या हातानं भरले, काहींवर चहाचे डाग पाडले. सगळ्यांनीच टोस्ट नको म्हटलं तर खोटं वाटेल, म्हणून तीसेक टक्क्यांना तो आवडू दिला. एका म्हाताऱ्याला दातांमुळे कडक लागत होता. एका शिक्षिकेला तो 'जुन्या काळचा' वाटत होता. बायकांच्या तोंडी मी केक घातला. एका जैतुनबींच्या फॉर्मवर, वय सत्तेचाळीस, मी 'वेलदोड्याची चव आवडत नाही' असं लिहिलं, कारण तोपर्यंत कुणीच वेलदोड्याबद्दल बोललं नव्हतं आणि मला जरा विविधता हवी होती.

बेरीज केली. एकाहत्तर टक्के लोकांना टोस्ट नको होता.

सरांना आकडा सांगितला तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. "एकाहत्तर! म्हणजे बाजार बोलतोय. आपण फक्त ऐकायचं." आणि त्याच संध्याकाळी ते स्कूटर काढून स्वतः बेकरीत गेले. का गेले, तर निकाल दुकानदारापर्यंत वेळेत पोचणं हाही उपक्रमाचा भाग असतो, असं त्यांनी आम्हाला दुसऱ्या दिवशी सांगितलं. आम्हाला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. प्रेझेंटेशनला अजून दहा दिवस होते आणि विश्वजित मोठ्या कागदावर गोल काढून त्याचा एकाहत्तर टक्के भाग लाल रंगवण्यात गुंतला होता.

प्रेझेंटेशनच्या दिवशी पापाभाई आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात पत्र्याचा मोठा डबा. सरांनी त्यांना पहिल्या बाकावर प्राचार्यांच्या शेजारी बसवलं. त्यांनी डबा उघडला आणि मागे वळून वर्गाला म्हणाले, "घ्या बाळांनो. ह्यो शेवटचा घाणा. सोमवारी भट्टी पाडली."

ते हसून म्हणाले. मी विश्वजितकडे बघितलं, तो कागद टांगायला खिळा शोधत होता.

डबा वर्गात फिरला. शिपायानं चहा आणला. मी फळ्यापुढे उभी राहून, आधुनिक ग्राहक टोस्टपासून कसा दूर जात आहे, हे सांगत होते आणि माझ्यासमोर बेचाळीसातली एकोणचाळीस मुलं, प्राचार्य आणि टिपणीस सर टोस्ट चहात बुडवून खात होते. वर्गात सगळीकडून कुरुमकुरुम आवाज येत होता. 'तरुण वर्गाची पूर्ण नापसंती' या मुद्द्यावर आले तेव्हा मागच्या बाकांवर शेवटच्या टोस्टसाठी ओढाओढ चालली होती. सरांनी त्यांना दटावलं, "अरे, मृदुला काय सांगतेय तिकडे लक्ष द्या," आणि स्वतः चौथा उचलला. एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी तर बोलतच राहिले, कारण माझं पाठ होतं.

टाळ्या झाल्या. सर म्हणाले, "पापाभाई, काही विचारायचं असेल तर विचारा मुलांना."

"इचारायचं न्हाई काय," ते म्हणाले. "ते कागद जरा बघू का? माजीच गिऱ्हाइकं ही. कोण काय म्हणालं बघावं म्हणतो."

सरांनीच गठ्ठा त्यांच्या हातात दिला. प्राचार्य दुसऱ्या गटाचं नाव पुकारायला लागले, सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. मी आमचा कागद गुंडाळत पहिल्या बाकापाशीच थांबले होते. पापाभाई चष्मा लावून एकेक फॉर्म वाचत होते. म्हाताऱ्याच्या दातांपाशी त्यांनी मान हलवली. शिक्षिकेचं वाचून "आसंल बाबा" म्हणाले. मग एका फॉर्मवर ते थांबले आणि बराच वेळ तो उलटलाच नाही.

"बाळ, हिकडं ये जरा. ही सही तुजी?"

खाली 'माहिती घेणाऱ्याची सही' या जागी माझी सही होती. वर नाव होतं, नदाफ जैतुनबी इमामसाहेब.

"हो," मी म्हटलं.

"हिला तू भेटलीस?"

टिपणीस सर बाकापलीकडेच उभे होते आणि कौतुकानं माझ्याकडे बघत होते. "सांग ना मृदुला," ते म्हणाले. "प्रत्येक घरी जाऊन आलीत ती, पापाभाई. भर उन्हात."

"हो, घरी गेले होते मी," मी म्हटलं. आणि तेवढं पुरेसं असताना पुढेही बोलले. "खूप चांगल्या आहेत. चहा दिला मला त्यांनी."

पापाभाईंनी चष्मा काढला. इमामसाहेब नदाफ हे त्यांचं नाव, हे मला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. तीन वेळा आम्ही त्यांच्याकडे गेलो, फोटो काढले, पोटभर खाल्लं आणि त्यांचं खरं नाव काय हे आम्हाला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. आमच्या लेखी ते पापाभाई, बेकरीवाले.

"सा वर्सं झाली तिला जाऊन," ते हळू आवाजात म्हणाले. "यादीतनं नाव काढा म्हणून दोनदा अर्ज दिला मी. वेलदोडा तीच कुटायची."

सरांनी घसा साफ केला आणि प्राचार्यांकडे बघितलं. प्राचार्यांनी काही ऐकलं नव्हतं.

मला वाटलं, आता हा माणूस उभा राहील, ओरडेल, गठ्ठा माझ्या तोंडावर फेकेल. मी त्याची वाटच बघत होते. त्यांनी यातलं काही केलं नाही. ते माझ्याकडे असं बघत होते की जणू चूक त्यांच्या हातून झालीय आणि ती मीच निस्तरून द्यायची आहे.

"घर चुकलं आसंल तुजं," ते म्हणाले. "दुसऱ्या कुठल्या बाईनं चा दिला आसंल."

"हो. घर चुकलं असेल."

"व्हतं आसं. बाकीची घरं बराबर हुती न्हवं?"

मी हातातला कागद आणखी घट्ट गुंडाळायला लागले.

"बाकीच्यांस्नी इचारलंस न्हवं तू? घरी जाऊन?" त्यांचा आवाज आणखी खाली आला. "भट्टी पाडलीया मी, बाळ."

"हो," मी म्हटलं. "बाकीच्यांना विचारलं."

त्यांनी श्वास सोडला. चेहरा सैल झाला त्यांचा. "मग झालं तर," ते म्हणाले. "येक नाव चुकलं म्हणून काय बिगाडलं. येवढी मानसं म्हणत्यात म्हंजी खरंच आसंल." त्यांनी गठ्ठा नीट ठोकून सारखा केला, तो एक फॉर्म घडी करून खिशात ठेवला, बाकीचे मला परत दिले आणि रिकामा डबा घेऊन निघून गेले.

त्यांना बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलले, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. कुणाला सांगितलं तर ऐकणाऱ्यालाही ते पटतं. ते साफ खोटं आहे. सर बघत होते, मार्क अजून लागायचे होते आणि मला ढाल हवी होती. सर नंतर जिन्यात भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "यादी जुनी होती. मर्यादा म्हणून अहवालात एक ओळ टाक." मी टाकली. आम्हाला पंचवीसपैकी पंचवीस मिळाले. ढाल विश्वजितच्या घरी गेली.

विजेवरची भट्टी आली. पापाभाईंनी केक केले आणि ते त्यांना जमले नाहीत, हात टोस्टचा होता. वर क्रीमची गुलाबं निघायची ती कोबीसारखी दिसायची. लोक मात्र रोज सकाळी येऊन टोस्टच मागायचे. पापाभाई प्रत्येकाला तेच उत्तर द्यायचे, की कॉलेजनं घरोघर जाऊन इचारलं, लोकास्नीच नको हुता. ऐकणारा चकित व्हायचा. आपल्याला कसं कुणी विचारलं नाही, असं म्हणत घरी जायचा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागायचा.

एका सकाळी आईही पिशवी रिकामी घेऊन परत आली. चहा गॅसवर तसाच ठेवून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"तुमच्याच कॉलेजनं विचारलं म्हणे. तू होतीस ना गं त्यात?"

"होते."

"मला नाही विचारलंस ते?"

"घरच्यांना विचारायचं नसतं. यादी असते."

"असेल बाई. पण मला एवढं सांग, नको म्हणालं तरी कोण? ज्या घरी जावं त्या घरी टोस्टाचा डबा असतो." ती माझ्यासमोर येऊन बसली. "आपल्या आळीतलं कुणी होतं?"

मी 'नाही' म्हणू शकले असते. नावं सांगायची नसतात, असंही म्हणू शकले असते, ते तर सरांनी शिकवलंही होतं. पण एव्हाना मला माणसं तयार करायची सवय लागली होती आणि आई हटून बसली होती.

"सुलभाकाकू," मी म्हटलं.

"सुलभा?" आई म्हणाली. "काय म्हणाली ती?"

"जुन्या काळचा वाटतो म्हणाल्या."

आईनं उठून गॅस बंद केला. पुढच्या संक्रांतीला तिनं सुलभाकाकूंना हळदीकुंकवाला बोलावलं नाही.